उणेसाहेबांची गाडी

तयार झालेली गाडी विकायची असते, हे कोणालाही कळतं. पण विकण्याआधी तिच्यातून काय काय काढून घ्यायचं, याला डोकं लागतं. त्या डोक्यासाठी कारखान्यात स्वतंत्र उणे विभाग होता, आणि त्याच्या प्रमुखाला अख्खा कारखाना उणेसाहेब म्हणायचा.

पद्धत साधी होती. एकाच शेडमधून एकसारख्या गाड्या बाहेर पडायच्या. डावीकडे वळलेली गाडी बंदरात जायची आणि तिथून जहाजाने परदेशी. उजवीकडे वळलेली उणेसाहेबांच्या ताब्यात यायची. तिच्यातल्या एअरबॅगा निघायच्या, दारांच्या आतल्या पोलादी पट्ट्या निघायच्या, चांगले ब्रेक जाऊन कामचलाऊ ब्रेक यायचे. याला कंपनीच्या भाषेत 'ग्राहकाचा भार हलका करणे' म्हणत. एका वर्षी दारं इतकी हलकी झाली की लावताना बिस्किटांच्या डब्यासारखी वाजू लागली. ग्राहक कुरकुरले. उणेसाहेबांनी परदेशी गाडीच्या दाराचा भारदस्त आवाज रेकॉर्ड करून घेतला आणि देशी दारात एक छोटा स्पीकर बसवला. दार ओढलं की स्पीकर 'धप्प' म्हणायचा. कधीकधी धप्प आधी व्हायचं आणि दार नंतर लागायचं, पण तेवढ्यावरून कोणी गाडी परत केली नाही. साहेबांना बढती मिळाली.

असं सगळं छान चाललेलं असताना त्यांच्या मुलीला नोकरी लागली. घाटापलीकडच्या गावात, रोज जाऊन-येऊन.

"बाबा, मी तुमच्याच कंपनीची गाडी घेणार," तिने जेवताना जाहीर केलं. "दार काय मस्त वाजतं हो!"

उणेसाहेबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. त्यांना घाट दिसला, धुकं दिसलं, वळणावरून अंगावर येणारा ट्रक दिसला, आणि तो ट्रक आणि आपली लेक यांच्यामध्ये जे जे असायला हवं ते सगळं आपणच काढून घेतलंय, हेही दिसलं. ते मनापासून घाबरले.

"दुसऱ्या कंपनीची घे."

"का?"

तिकडेही तेच चालायचं. दुसऱ्या कंपनीतल्या उणे विभागाचा प्रमुख दर शनिवारी त्यांच्याकडे पत्ते खेळायला यायचा. त्याने तर अलीकडे मागचा बंपर नुसता रंगवून दाखवायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये उभे राहिले. "साहेब, डावीकडची एक गाडी हवी होती. मुलीसाठी."

मोठे साहेब हळहळले. "अहो, ती परदेशी ग्राहकांची. ते लोक जिवाला फार जपतात. आपल्याकडे तशी मागणी नाही."

"मी मागतोय ना!"

"एकट्याने मागितलं की त्याला मागणी नाही, हट्ट म्हणतात."

मागणी आहे की हट्ट, हे ठरवायला रीतसर सर्वेक्षण झालं. शोरूममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला विचारण्यात आलं, "जीव वाचवणारी गाडी हवी का?" बहुतेकांनी उलट विचारलं, "तिचं छत उघडतं का?" एका गृहस्थांना फक्त सीटबेल्ट न लावल्यावर होणारी पिकपिक बंद करणारी क्लिप हवी होती. ती फुकट मिळते म्हटल्यावर त्यांनी बायकोलाही एक गाडी घेऊन टाकली. मागणी नाही, हे सिद्ध झालं.

पण उणेसाहेब इरेला पेटले होते. त्यांचा मेहुणा परदेशात असायचा. त्याच्या नावावर डावीकडची एक गाडी विकली गेली, जहाजात चढली, समुद्र ओलांडून गेली आणि मेहुण्याने ती तशीच परत पाठवली. यात साहेबांचा सगळा फंड मोडला. गाडी आपल्या बंदरात उतरली तेव्हा कंपनीचाच नियम आडवा आला: परदेशातून आलेली गाडी स्थानिक गरजांशी जुळवून घेतल्याशिवाय रस्त्यावर आणता येणार नाही. जुळवून कोण घेणार? अर्थातच उणे विभाग.

गाडी आत आली. मदतनीस पाना घेऊन पुढे झाला. "सर, एअरबॅगांपासून सुरुवात करू?"

उणेसाहेब धावत जाऊन गाडीत बसले आणि त्यांनी आतून दारं लावून घेतली. "खबरदार, एका नटाला जरी हात लावलास तर!" ते काचेआडून ओरडले.

"पण सर, हा नियम तुम्हीच केलाय!"

"मीच केलाय ना? मग मीच सांगतो. या गाडीतून काढण्यासारखं काही नाही!"

असं वाक्य उणे विभागात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी त्यांची पुढची बढती जागच्या जागी रद्द केली. उणेसाहेबांनी ती खुशाल जाऊ दिली आणि गाणं गुणगुणत गाडी घरी आणली.

घरी नुसती धांदल उडाली. शेजारीपाजारी गोळा झाले. बायकोने दार पुन्हा पुन्हा उघडून लावून पाहिलं. मुलगी सीटवरचं प्लास्टिक काढायला लागली, तशी आई ओरडली, "राहू दे गं, मळेल!"

सोमवारी सकाळी मुलगी डबा घेऊन तयार झाली. "बाबा, चावी द्या. निघते."

"कुठे?"

"ऑफिसला."

"हिने?" उणेसाहेब दचकले. "घाटातून? रोज? अगं, चिखल, खडी, त्यात एखादा ट्रक घासून गेला म्हणजे? समुद्रापलीकडून आणलीय ती!"

"मग मी जाऊ कशाने?"

"त्याची सोय केलीय मी," साहेब अभिमानाने म्हणाले आणि त्यांनी खिशातून दुसरी चावी काढली. "रोजच्यासाठी उजवीकडची एक आणलीय, स्टाफच्या सवलतीत. ही चांगली गाडी पाहुणे आले की काढू."

मुलीने आईकडे पाहिलं. आई चांगल्या गाडीवर जाड कापडाची खोळ चढवत होती.

मुलगी आता रोज उजवीकडच्या गाडीने घाट चढते आणि उतरते. संध्याकाळी ती परत येईपर्यंत उणेसाहेबांचा जीव थाऱ्यावर नसतो. ते अंगणात येरझारा घालतात, आणि येता-जाता चांगल्या गाडीच्या खोळीवरची धूळ झटकतात.

हसताय? हसा की. फक्त हसता हसता हातातला चहाचा कप एकदा बघून घ्या. त्याचा कान तुटलेला असेल, तर काचेच्या कपाटातला तो चांगला सेट कोणासाठी ठेवलाय, हे घरात विचारा.