लेकीच्या ताब्यातले दोन कैदी

"पानही हलणार नाही!" गाव्रिलने जाहीर केलं आणि टेबलावर अशी मूठ आपटली की मिठाची बरणी आडवी झाली. "आपण जाणार, लांबून पोरीला एकदा डोळे भरून बघणार आणि गुपचूप परत येणार. तिला कळणार नाही, तिच्या कॅप्टनला कळणार नाही, झाडावरच्या खारीलासुद्धा पत्ता लागणार नाही!"

"आणि वाट?" सांडलेलं मीठ गोळा करत सावेताने विचारलं.

"वाट? अगं, हे डोंगर मला तळहातासारखे पाठ आहेत!"

आता खरं सांगायचं तर गाव्रिलने उभा जन्म शहरातली बस चालवली होती. कार्पेथियन डोंगर त्याने पाहिले होते ते बसच्या काचेतून, आणि तेही सिग्नलला लाल दिवा लागला तर! पण नवऱ्याच्या तळहातावर काय काय पाठ आहे यावर वाद घालायचा नसतो, हे सावेता लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकली होती.

त्यांची एकुलती एक लेक स्मारांदा पहाडी पलटणीचं प्रशिक्षण घेत होती. गेल्या वर्षी ती अर्ध्यातून घरी आली होती, घोट्याला प्लास्टर आणि तोंडाला कुलूप लावून. यंदाची संधी दुसरी आणि शेवटची. तिसरी कोणालाच मिळत नाही.

म्हणून सगळा हिवाळा घराने कंबर कसली होती. पहाटे स्मारांदाच्या अंगावरची गोधडी ओढायचं काम सावेताचं. तिच्या पाठीवरच्या पिशवीत वाळू भरायचं काम गाव्रिलचं. पोरगी बर्फातून पळायची आणि बाप मागून सायकलवर ओरडत यायचा. दोनदा तो खड्ड्यात पडला. स्मारांदाने त्याला वाळूच्या पिशवीसकट उचलून घरी आणलं. व्यायाम उत्तम झाला!

प्रशिक्षण सुरू झाल्यावर एकदा तिचा फोन आला. रडत होती. "आई, मला घरी यायचंय."

सावेता म्हणाली, "ये की. तुझंच घर आहे. फक्त आज नको, आज घर धुवायला काढलंय, बसायला जागा नाही. उद्या कर फोन."

दुसऱ्या दिवशी पडदे निघाले होते. तिसऱ्या दिवशी गालिचे. गालिचे वाळेपर्यंत पोरीचं रडणं थांबलं होतं. फोन ठेवल्यावर सावेता खरोखरच घर धूत बसायची, हाताला काहीतरी हवं म्हणून. आणि गाव्रिल गाडीची किल्ली शोधत घरभर फिरायचा. ती सावेताने पिठाच्या डब्यात लपवली होती.

शेवटची परीक्षा म्हणजे डोंगराच्या धारेवरून पाच-पाच जणांच्या पथकाने सगळं सामान पाठीवर घेऊन जायचं. बाहेरच्या कोणाची मदत घेतली, मग ती एक चॉकलेटची वडी का असेना, की पथकातले सगळे घरी! निघण्यापूर्वीच्या फोनवर स्मारांदा सहज बोलून गेली, "टाच सोलवटलीये जरा." बस! त्या क्षणापासून गाव्रिलला खुर्ची टोचायला लागली.

"मी येते बरोबर," सावेता म्हणाली. "तिला बघायला नाही. तुला आवरायला."

आणि दिवसभर डोंगरात राहायचं तर खाणार काय, म्हणून तिने मोठं पातेलंभर सारमाले केले: कोबीच्या आंबवलेल्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात, वर धुरावलेल्या मांसाचे तुकडे. पातेलं टॉवेलात बांधून गाव्रिलच्या पाठीवर चढलं. गाव्रिलने मेहुण्याचं शिकारीचं हिरवं जाकीट घातलं आणि टोपीत फरच्या झाडाच्या डहाळ्या खोचल्या.

"कसा दिसतोय?"

"पळून चाललेल्या नाताळच्या झाडासारखा," सावेता म्हणाली.

पहिल्या फाट्यावर तळहाताने डावीकडे सांगितलं. दुसऱ्यावरही डावीकडे. दुपार चढेपर्यंत वीज पडून फाटलेलं एक जुनं झाड पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं.

"गाव्रिल, हे झाड आता आपल्याला ओळख दाखवायला लागलंय."

"वेगळं आहे ते!"

"वेगळं? तुझी टोपीतली डहाळी पडलीये बघ त्याच्या बुंध्याशी!"

चिडून गाव्रिलने वाट सोडली आणि सरळ उतारावरून खाली घुसला. खाली कुरण. कुरणात मेंढ्या. आणि मेंढ्यांभोवती त्यांची राखणदार कुत्री! कुत्री कसली, सुळे फुटलेली वासरंच ती. गाव्रिल आणि सावेता गवताच्या गंजीवर कसे चढले ते त्यांनाही नंतर आठवलं नाही. आठवलं ते एवढंच की सावेता आधी पोचली आणि तिने नवऱ्याला कॉलर धरून वर ओढलं. खाली चार कुत्री बसली, जिभा बाहेर काढून.

"मेंढपाळ येईल इतक्यात," सावेता म्हणाली. "ओरडू नकोस."

"धावाऽऽऽ!" गाव्रिल ओरडला. पानही न हलवणाऱ्या त्या माणसाचा आवाज तीन दऱ्यांत घुमून परत आला!

मेंढपाळ नाही आला. फरच्या झाडीतून तोंडाला काळं-हिरवं फासलेले चार सैनिक बाहेर पडले. त्यांच्यातल्या एकाने कुत्र्यांना अशी काही शीळ घातली की ती शेपट्या हलवत मेंढ्यांकडे गेली.

"खाली उतरा! हात वर!"

आता गंजीवरून हात वर करून कसं उतरायचं? गाव्रिल बटाट्याच्या पोत्यासारखा घरंगळत आला. पातेलं मात्र त्याने पोटाशी धरलं होतं.

"हेच ते!" होरिया नावाचा लंबूटांग सैनिक आनंदाने किंचाळला. "सकाळी कॅप्टन म्हणाले नव्हते? शत्रूचे दोन हेर येतील, म्हातारा-म्हातारीच्या वेशात! काय वेश केलाय पण! मिशी बघा!" आणि त्याने मिशी ओढली.

"आई गंऽऽ! खरी आहे रे!"

"डिंक चांगला वापरलाय," होरिया म्हणाला.

"हात तर लाव माझ्या केसांना," सावेता शांतपणे म्हणाली. होरियाने लावला नाही.

तेवढ्यात मागून पथकाची प्रमुख आली. उजवा पाय जपून टाकत होती. तोंडाला रंग, डोक्यावर शिरस्त्राण. पण आपली पोर ओळखायला बापाला तोंड कशाला लागतं?

"स्मारांदा! अगं बाळा!"

"नावसुद्धा काढून आलेत!" होरिया म्हणाला. "पक्के तयारीचे आहेत!"

स्मारांदा जागच्या जागी थिजली. तिने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. रंगाखाली चेहरा लाल झाला की पांढरा, कळायला मार्ग नव्हता. मग ती ताठ उभी राहिली.

"कैद्यांनी बोलू नये," ती म्हणाली आणि तिने वायरलेस उचलला. "कॅप्टन, दोन जण ताब्यात घेतलेत. एक पुरुष, एक बाई. पुरुषाचं म्हणणं आहे की तो माझा बाप आहे."

खरखर झाली. "आणि आहे का?"

"दुर्दैवाने आहे, कॅप्टन."

होरियाने मिशी सोडली.

पलीकडून आवाज आला. "त्यांच्याजवळ काय आहे?"

"पातेलं."

"कशाचं?"

स्मारांदाला झाकण उघडायची गरज नव्हती. "सारमाले, कॅप्टन. धुरावलेलं मांस घालून."

"कोणी खाल्लं?"

"नाही."

"तिथे सोडलंत तर ते पुन्हा हरवतील. नियमाप्रमाणे तळावर आणा. सूर्य मावळायच्या आत. वेळ वाढवून मिळणार नाही. आणि पातेलं उघडलेलं दिसलं तर सगळे घरी!"

झालं. वरात निघाली. पुढे स्मारांदा, मध्ये कैदी, मागे बाकीचे. सैनिकांनी कालपासून सुक्या बिस्किटांखेरीज काही पाहिलं नव्हतं, आणि नाकासमोर टॉवेलातून सारमाल्यांचा वास!

"प्रमुख," होरिया रडवेल्या आवाजात म्हणाला, "या कैद्याला सगळ्यात मागे ठेवूया का? मला वाट दिसेनाशी झालीये."

"श्वास तोंडाने घे," स्मारांदा म्हणाली.

चढ सुरू झाला. उभा, भिंतीसारखा. गाव्रिलची छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायला लागली आणि मग तो मटकन एका दगडावर बसला. सगळं पथक थांबलं. सूर्य मात्र थांबला नाही.

तिथे बसल्या बसल्या त्याचं लक्ष लेकीच्या बुटाकडे गेलं. टाचेपाशी काळपट ओल होती. चिखल नव्हता तो.

गाव्रिलच्या जिभेवर शब्द आले. पुरे झालं पोरी. टाक ती पिशवी. घरी चल.

दंडावर पक्कड बसावी तशी सावेताची बोटं बसली. "एक शब्द बोललास तर इथेच पुरीन."

"अगं, रक्त..." तो कुजबुजला.

"मलाही डोळे आहेत. तिने विचारलंय का तुला? तिच्या पाठीवर आधीच डोंगर आहे, त्यावर तुझं तोंड ठेवू नकोस."

गाव्रिलने टॉवेलाची गाठ आवळली. मग त्याने वर पाहून विचारलं, "प्रमुखबाई, वेळेत पोचू का आपण?"

स्मारांदाने वळून पाहिलं. "कैदी चालला तर."

गाव्रिल उठला. आणि त्यानंतर तो जो चालला! ओढ्यात घोट्यापर्यंत भिजला, घसरड्या खडीवरून बसून उतरला, पण झाकण हलू दिलं नाही. पाय थांबायला लागले तसा तो आपल्या जुन्या बसचे थांबे पुटपुटायला लागला. "बाजारपेठ... चर्च... साखर कारखाना..." एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंत पाय ओढायचे, बस्स.

"साखर कारखाना..." तो पुन्हा म्हणाला. पुढचं नावच आठवेना. घाम डोळ्यांत उतरला होता.

"दवाखाना," पुढून हळूच आवाज आला. स्मारांदाने मान वळवली नव्हती. शाळा सुटल्यावर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून जिने रोज हे थांबे घोकले होते, तिला ते कसे विसरतील? "मग जुना पूल."

"मग लोकरीची गिरणी," गाव्रिल म्हणाला.

"मग डेपो," बापलेक एकदमच म्हणाले. तेव्हा खिंडीपलीकडे तळाचे तंबू दिसले आणि सूर्य अजून कड्यावर टेकलेला होता!

कॅप्टन तोआदेर हा चष्मा लावणारा बुटका गृहस्थ तंबूसमोर सफरचंद सोलत बसला होता. नियम म्हणजे नियम. दोन्ही कैद्यांची वेगवेगळी चौकशी झाली.

सावेताने नाव सांगितलं आणि विचारलं, "माझी पोर पास झाली का?"

"ते मी सांगू शकत नाही, बाई."

"मग मीही काही सांगू शकत नाही," ती म्हणाली, आणि पुढे तिने तोंड उघडलंच नाही.

गाव्रिलने मात्र कॅप्टनचं सफरचंद सोलून व्हायच्या आत सगळं ओकलं! वाट, फाटे, कुत्री, मेहुण्याचं जाकीट, शेजारी कोठारामागे चोरून प्लमची दारू गाळतो तेसुद्धा. "ते मी विचारलं नव्हतं," कॅप्टन म्हणाला. शेवटी गाव्रिलने टोपी हातात घेतली. "साहेब, पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. अक्कल माझीच. शिक्षा करायची तर मला करा. दुसरी संधी आहे तिची."

कॅप्टनने उत्तर द्यायच्या आत बाहेर गलका झाला. एक म्हातारा आणि एक म्हातारी तणतणत तळात शिरले. म्हातारीने रागाने डोक्यावरचा रुमाल ओढून काढला. आत दाढीचे खुंट वाढलेला हवालदार!

"दिवसभर ओंडक्यावर बसून आहोत, कॅप्टन! कोणी पकडायलाच आलं नाही!"

कॅप्टनने स्मारांदाकडे पाहिलं. "हे दोघे तुमच्या पथकाने सूर्य मावळायच्या आत पकडायचे होते."

होरियाचं तोंड पडलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. स्मारांदाने मात्र कड्याकडे पाहिलं. सूर्याची लाल कडा अजून दिसत होती. ती लंगडत दोन ढांगांत पुढे गेली.

"हात वर!"

"अगं, पण आम्ही आपणहून आलोय!" म्हातारी गुरगुरली.

"हात वर! कैद्यांनी बोलू नये!"

हवालदाराने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनने सफरचंदाची फोड तोंडात टाकली आणि मान डोलावली. हात वर गेले.

"नियमाप्रमाणे," कॅप्टन म्हणाला, "कैद्यांना जेवण मिळतं. सैनिकांना उद्या, सराव संपल्यावर. उघडा ते पातेलं."

गाव्रिलच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड जेवण ते! समोर पाच उपाशी पोरं पहाऱ्यावर उभी. लेकीच्या पोटातला गुरगुराट त्याला ऐकू येत होता. घास हातात तसाच राहिला.

"बाबा," स्मारांदा ओठ न हलवता म्हणाली, "जेवा. नियम आहे." मग आणखी हळू, "आणि छान चाललात."

दोन्ही हेरांनी पातेलं पुसून खाल्लं आणि सावेताकडे कृती मागितली. तिने तीही सांगितली नाही.

स्मारांदा पास झाली. पहाडी पलटणीची हिरवी टोपी डोक्यावर घेऊन ती मैदानावर उभी राहिली तेव्हा सावेताने डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर तेवढा वेळ ती दिसली नसती. गाव्रिल मात्र एवढा रडला की शेजारच्या अनोळखी कुटुंबाने त्याला पाणी आणून दिलं.

कार्यक्रम संपल्यावर कॅप्टन तोआदेर मुद्दाम त्यांच्याकडे आला. "बाई, पुढच्या वसंतात हेराचं काम कराल? तुमच्याइतकं घट्ट तोंड आमच्या हवालदारांचंही नाही."

"विचार करते," सावेता म्हणाली. म्हणजे तिने होच म्हटलं.

गाव्रिलने छाती पुढे काढली, मिशीवरून हात फिरवला. "आणि मी, साहेब? देशासाठी मीही तयार आहे!"

कॅप्टनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आहे की तुमच्याजोगंही काम. आमच्या शोधपथकाचा सराव असतो. त्यात डोंगरात हरवलेला एक माणूस लागतो."

"जमेल! काय करावं लागेल मला?"

"काही नाही," कॅप्टन म्हणाला. "वाट तेवढी तुम्ही निवडा."