लिफ्टमधला क्वेच

ब्रुकलिनमधल्या त्या जुन्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा शुक्रवारचा सूर्य मावळायला पंचवीस मिनिटं होती. आत फ्रूमाबाई, त्यांचा जावई लेनर्ड आणि भाजलेल्या शेवयांच्या गोड कुगेलचं गरम भांडं. सूर्यास्ताआधी वर पोचून मेणबत्त्या लावायच्या होत्या. एकदा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागला, की विजेच्या बटणालाही हात लावायचा नाही. नवरा गेल्यापासून फ्रूमाबाईंचा एकही शुक्रवार चुकला नव्हता.

"तुझ्या बायकोला, शिफ्राला फोन लाव ना!"

"फोन वर ठेवून आलोय, ममा. शब्बाथ लागणार ना आता."

"आजच बरा धर्म आठवला तुला! माझा चष्माही वरच राहिला. भिंतीवर काय लिहिलंय बघ."

भिंतीवर लाल बटण, शेजारी बोलायची जाळी आणि मध्ये इमारत सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या पिंकसने चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीत एकच शब्द. लेनर्ड शाळेत इंग्रजी शिकवायचा. त्याला शब्द कोण शिकवणार!

"तक्रार करा, असं लिहिलंय."

"मग कर की!"

लेनर्ड जाळीपाशी वाकला. "लिफ्ट अडकली आहे. कृपया लक्ष द्यावं."

"ही तक्रार? हो बाजूला." फ्रूमाबाईंनी पदरचा अनुभव पणाला लावला. लिफ्ट झाली, जिन्यातला दिवा झाला, शेजाऱ्याचा ट्रम्पेट झाला. "आणि हा जावई! अकरा वर्षं माझ्या कुगेलला 'छान आहे' म्हणतो. नुसतं छान!"

"मनुका फार असतात," लेनर्ड म्हणाला.

"काय?"

"तक्रार करा म्हटलंय ना."

पंधरा मिनिटं गेली. कोणी आलं नाही. फ्रूमाबाईंचा आवाज बसला, डोळे भरले. "चुकणार रे आज. काय वाटेल ह्यांना, असतील तिथे?"

लेनर्डला फार वाईट वाटलं. त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली, या वेळी मोठ्याने. "क्वेच."

"अरे मेल्या! क्वेच म्हणजे दाब! आपल्या यिडिश भाषेत बटणही क्वेच करतात, लिंबूही!"

"पण इंग्रजीत तक्रार..."

"माणूस दाबला की कण्हतो. तुम्ही इंग्रजीवाल्यांनी ते कण्हणंच तेवढं उचललंत! दाब आता, मास्तर!"

घंटा घणघणली. दोन मिनिटांत पिंकसने लिफ्ट वर घेतली.

"तुला आमचा आवाज नाही आला?"

"पहिल्यापासून येत होता, बाई. म्हणून तर वाटलं, सगळं ठीक आहे."

सूर्यास्ताला चार मिनिटं असताना मेणबत्त्या लागल्या आणि फ्रूमाबाईंचा जीव भांड्यात पडला. जेवताना त्यांनी मनुका नसलेला कोपरा शोधून लेनर्डला वाढला आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसल्या.

"छान आहे," लेनर्ड म्हणाला.

फ्रूमाबाईंनी सुस्कारा सोडला. "लिफ्टमध्येच बरा बोलत होतास."