चाराला चार काड्या

आमच्या कचेरीच्या ग्रंथालयातले बाइंडर गुलाबराव रोमन आकड्यांत जगत. डब्याच्या चार पुडांवर I ते IV रंगवलेले. सायकलीवर VII, कारण आधीच्या सहा चोरीला गेल्या होत्या. वाडीतल्या भाड्याच्या खोलीत ते एकटेच राहत, तरी दारावर ठसठशीत I.

"एकटाच आहो ना गा! मोजणाऱ्याले त्रास नको."

जाड खंडांच्या पाठीवर सोनेरी आकडे काढताना कोणी हाक मारली, तर मान न वळवता म्हणत, "थांबा गा, मी दहा काढून राहिलो."

ऐंशीच्या दशकात कचेरीत कॉम्प्युटर आला आणि मी त्यातला जाणकार ठरलो, कारण उन्हाळी वर्ग केलेला मी एकटाच. तेव्हा जुन्या अहवालांचे चाळीस खंड नव्यानं बांधून झाले होते. मी साहेबांना म्हणालो, "आकड्यांच्या चिठ्ठ्या मशीन छापेल. गुलाबरावांच्या ब्रशची आता गरज नाही." हे मी त्यांच्या देखत म्हणालो. त्यांनी ब्रश फडक्याला पुसला आणि ठेवून दिला.

प्रोग्राम सोपा होता. दहा वजा होताहेत तोवर X छापायचा, मग पाचाचा V, मग उरतील तितक्या काड्या. प्रिंटरमधून करकरत निघालेल्या चिठ्ठ्या मी न बघताच गुलाबरावांपुढे टाकल्या.

"बाबू, एकदा पाह्यता का?"

"मशीन चुकत नाही, गुलाबराव. चिकटवा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खंड पाहिले आणि माझी पाठ थोपटली. मी हवेत होतो. तेवढ्यात रद्दीच्या टोपलीत माझ्याच नऊ चिठ्ठ्या दिसल्या. चाराला चार काड्या, नऊला V पुढे चार काड्या, चाळीसला चार X! पाचाआधी एक काडी उभी केली की चार होतात, हे मी मशीनला सांगितलंच नव्हतं.

धावत चौथ्या खंडाकडे गेलो. त्यावर बरोबर IV होता, प्रिंटरसारखाच ठिपक्याठिपक्यांचा. पण एकेक ठिपका शाईनं, हातानं दिलेला. बाकीच्या आठांवरही तसेच.

मी गुलाबरावांना गाठलं. "सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"साहेबासमोर तुमची मान खाली गेली असती. मले नसतं पाह्यवलं." मग हळूच म्हणाले, "ठिपके जमले ना गा? कोणाले ओळखू नाही आले ना?"

"नाही," मी म्हणालो.

साहेबांना खरं सांगून गुलाबरावांचा ब्रश त्यांना परत मिळवून द्यायला हवा होता. साहेबांची खोली दोन दारं सोडून होती. मी गेलो नाही.