सकाळचा ताठा

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात सांधेवाताचे एवढे रोगी एका दमात बरे करणारा माणूस मीच. औषध नाही, सुई नाही, हात लावणं नाही. नुसत्या एका शब्दाने! हे मी कमालीच्या नम्रतेने नमूद करतो. रोगी बरे झाले ते कागदावर, आणि प्रत्यक्षात इस्पितळाचा जिना तसाच कठडा धरून, ‘आई गं’ म्हणत उतरून गेले, ही बाब तपशिलाची.

माझी बायको एका मोठ्या इस्पितळाच्या सांधेविभागात संशोधनाचं काम बघते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. म्हणजे घरात एक माणूस उपयोगी आहे आणि एक सुसंस्कृत.

तिच्या विभागात एका नव्या औषधाची चाचणी सुरू व्हायची होती. आजार असा, की शरीराची पहाऱ्यावरची फौज शत्रू सोडून आपल्याच सांध्यांवर धावून जाते. आपल्याच माणसांवर तुटून पडणं हा आजार आहे, हे बायकोने सांगेपर्यंत मी त्याला घराण्याचा स्वभाव समजत होतो. आता औषध लागू पडलं की नाही, हे मोजायचं कसं? ताप काखेत थर्मामीटर धरून मोजता येतो. ‘बोटं किती दुखतात’ याला थर्मामीटर नाही. ते रोग्यालाच विचारावं लागतं. म्हणून एक प्रश्नावली असते. औषधाआधी एकदा भरून घ्यायची आणि नंतर दर महिन्याला. मधला फरक म्हणजे औषधाचा गुण. चाचणीच्या आमच्या केंद्रातले रोगी सगळे मराठी. मराठी प्रश्नावली नीट चालली नाही, तर केंद्र बंद आणि बायकोची दोन वर्षांची धावपळ पाण्यात.

“अहो, एवढं भाषांतर करून द्याल का?” ती म्हणाली. “फक्त सोपं लिहा हं. आईंना कळेल असं.”

आईंना, म्हणजे माझ्या आईला. तीही या चाचणीत होती.

“सोपं लिहायला प्राध्यापक कशाला हवा?” मी विचारलं.

“तेच मी डॉक्टरांना म्हणत होते,” ती म्हणाली.

मी बसलो. तीस प्रश्न एका बैठकीत मराठीत आणले. गाडी अडली एकाच ठिकाणी. या आजारात सकाळी उठल्यावर सांधे गच्च झालेले असतात. ते किती वेळ तसे राहतात, असा तो प्रश्न.

“‘सांधे धरतात का’ असं लिहा,” बायको म्हणाली.

“धरतात? कुणाला धरतात? कर्ता कुठाय, कर्म कुठाय?”

“दुखणाऱ्या माणसाला कर्म शोधायला वेळ नसतो हो!”

“विशेषण ‘ताठ’. त्याचं नाम ‘ताठा’. दोन अक्षरं! खणखणीत!”

“अहो, पण ताठा म्हणजे...”

“मूळ अर्थ ताठपणाच आहे. शब्दकोश बघ.”

“लोकांचे सांधे शब्दकोश बघून दुखत नाहीत.”

ती खोडायलाच निघाली होती, पण विभागाचे मोठे डॉक्टर आडवे आले. “भाषेचं प्राध्यापकांना ठरवू द्या. आपण सांधे बघू,” असं म्हणून त्यांनी प्रश्नावली न वाचता छापायला धाडली. विद्वानांचा आदर करणारी माणसं या जगात अजून आहेत, आणि ती फार धोकादायक आहेत.

पहिल्या नोंदीच्या दिवशी मलाही बोलावलं होतं. कुणाला शब्द अडला तर समजावून द्यायला. बाहेरच्या दालनात बाकांवर रोगी बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर माझी मराठी. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत सत्कारमूर्तीसारखा बसलो.

पहिली कुजबुज शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडून आली.

“‘आपणांस गुडघे टेकता येतात काय?’ आता काय सांगायचं! लग्न झाल्या दिवशीच टेकले.” त्यांनी ‘सहज’वर खूण केली. “‘मूठ आवळून धरता येते काय?’ हे बरं विचारलं. नवरा मुठीतच आहे माझ्या.” पुन्हा ‘सहज’. त्यांच्या बोटांची पेरं लिंबाएवढी सुजलेली मला कोपऱ्यातून दिसत होती.

शेजारी एक निवृत्त फौजदार होते. ते एकदम गरजले, “‘हात वर करता येतात काय?’ कुणाला विचारता? मला? उभ्या जन्मात दुसऱ्यांना करायला लावले! जबाबदारीच्या वेळी हात वर करणारा माणूस नव्हे मी!” आणि त्यांनी कागद फाटेल इतक्या जोरात ‘अजिबात नाही’वर फुली मारली.

मी उठून समजावणार होतो. तेवढ्यात माझ्या आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ही आमच्या घरात वादळाची सूचना असते.

“‘सकाळी उठल्यावर आपणांस ताठा असतो काय?’” तिने मोठ्याने वाचलं. “‘असल्यास तो किती वेळ टिकतो?’ सूनबाई!”

बायको धावत आली. “काय झालं, आई?”

“मला ताठा? मला?”

“आई, ते सांध्यांबद्दल...”

“सांध्यांना ताठा नसतो गं, माणसाला असतो! आणि कुणाला आहे, ते मी आजवर चारचौघांत बोलले नाही. मनात होतं तर घरी बोलायचंस. छापून काय विचारतेस?”

“माझ्याही कागदावर तेच आहे!” शिवणकामवाल्या बाई किंचाळल्या. “आमच्या सात पिढ्यांत कुणाला ताठा नाही!”

“मला नाही, मोठ्या जाऊबाईंना आहे,” मागून कुणी म्हणालं. “सकाळीच असं नाही. दिवसभर.”

“मला होता,” फौजदार प्रामाणिकपणे म्हणाले. “नोकरीत असेपर्यंत.”

बघता बघता बाकाबाकांवर पेनं चालली. ताठा : नाही. किती वेळ : शून्य. एकाने तर शून्याखाली दोन रेघा ओढल्या.

“पण हे लिहिलं कुणी?” आईने विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

“त्याच्याकडे काय बघतेस?” आई म्हणाली. “तो गरीब आहे बिचारा. तू सांगशील ते लिहितो.”

खरं सांगतो, मी तोंड उघडलं होतं! पण आईने भर सभेत गरीब ठरवल्यावर श्रीमंतीचा दावा कोणत्या तोंडाने करायचा? मी ते मिटलं.

“मी या चाचणीतून उठले,” आईने जाहीर केलं. आणि ती खरोखरच उठली. म्हणजे उठायला लागली. बाकाची कड धरली, थांबली, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला, ओठ आवळले, आणि मग उठली. तिच्यामागून सगळं दालन तसंच, टप्प्याटप्प्याने, कण्हत, ताठा नसल्याच्या ताठ्यात चालतं झालं.

संध्याकाळी बायको घरी आली ती पर्स टाकून सोफ्यावर बसली.

“डॉक्टर खूश झाले,” ती म्हणाली.

“बघ! मी म्हटलं नव्हतं?”

“‘सगळ्यांचा ताठा शून्य! काय औषध आहे!’ म्हणून नाचायचेच बाकी होते. उत्साहाच्या भरात कागद चाचणीच्या वरच्या कार्यालयाला पाठवूनही दिले. मग मी म्हटलं, डॉक्टर, औषध अजून सुरूच झालेलं नाही.”

“मग?”

“मग ते खुर्चीत बसले. आधीच शून्य असेल तर औषधाने कमी काय होणार? उणे? आपले रोगी औषध घेण्याआधीच बरे आहेत, असं आपण लेखी कळवलंय!”

तिसऱ्या दिवशी वरून उत्तर आलं. ‘उत्तरांमध्ये गंभीर विसंगती आढळली आहे. निरीक्षक सोमवारी येतील. रोगी हजर ठेवावेत.’

रोगी हजर! ते सगळे आईच्या हाकेत, आणि आई आमच्याच घरात, आतल्या खोलीत, दार लोटून. बायकोशी बोलणं बंद. माझ्याशी चालू, कारण मी गरीब.

पहिल्यांदा वाटाघाटीला मीच गेलो. ताठा सोडून नवा शब्द घेऊन.

“आई, सकाळी तू आखडतेस का गं?”

“आता मी आखडू झाले!”

“तू नाही गं! हात! हात आखडतो का?”

“हात आखडता घेते म्हणतोस? तुझ्या शिक्षणाला घेतला होता का? तेव्हा घेतला असता तर बरं झालं असतं!”

मी बाहेर आलो. रात्रीचं जेवण सोडून एक निर्दोष व्याख्या तयार केली, आणि सकाळी दाराबाहेर उभा राहून वाचली. “विश्रांतीनंतरच्या प्रातःकाळी संधिस्थानी अनुभवास येणारी, हालचालीविषयीची अनिच्छा!”

आतून पलंग करकरला.

“हे मराठीत सांग,” आई म्हणाली.

“म्हणजे, सकाळी हलावंसं वाटत नाही, असं होतं का?”

“ते तर तुला होतं. तुला कुठे सांधेवात आहे?”

रविवार उजाडला. बायको शेवटी स्वतः दाराशी गेली. तिचा आवाज ओला होता, हे मला स्वयंपाकघरातूनही कळलं.

“आई, माझ्यावर रागवा. घरी आल्यावर पाहिजे तेवढं बोला. पण उद्या या. तुम्ही नाही आलात तर कुणीच येणार नाही. केंद्र बंद झालं तर माझं जाऊ दे, पण ते औषधही इथे यायचं नाही.”

दार किलकिलं झालं. फटीतून तो छापील कागद बाहेर आला.

“आधी तू भर,” आई म्हणाली. “तो प्रश्न. तुझा किती वेळ टिकतो ते लिही. मग मी बघते.”

बायकोने पेन घेतलं. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मूळ अर्थ, लाक्षणिक अर्थ, सगळे अर्थ होते. मग तिने लिहिलं, ‘लग्नापर्यंत होता.’

कागद आत गेला. आत काहीतरी फुसफुसलं. खोकला होता की हसू, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

“अक्षर चांगलं आहे तुझं,” आई म्हणाली. “येते मी उद्या. पण कबूल काही करणार नाही!”

सोमवारी दालन पुन्हा भरलं. आईने फोन फिरवले होते. तिला हे पाचेक वाक्यांत जमलं आणि त्यातली तीन सुनेच्या कौतुकाची होती, असं मला नंतर फौजदारांकडून कळलं.

निरीक्षकबाई आल्या. बारीक, करड्या केसांच्या. चेहरा असा, की त्यांच्यापुढे भिंतसुद्धा मनमोकळी वाटावी. मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी पडद्यावर आलेख लावून ठेवला होता. शून्याचा आलेख म्हणजे नुसती जमीन. डॉक्टर छडीने तीच दाखवत होते.

“हे शून्य,” ते कातर आवाजात म्हणाले, “भाषिक आहे.”

मला राहवेना. मी पुढे झालो. “बाई, चूक माझी आहे! तो शब्द माझा! बायकोने बजावलं होतं, मी ऐकलं नाही!”

“पाहिलंत?” आई बाकावरून निरीक्षकबाईंना म्हणाली. “बायकोसाठी सगळं अंगावर घेतो. गरीब आहे हो!”

“तुम्ही केंद्र बंद करणार का?” बायकोने विचारलं. दोन वर्षं त्या एका प्रश्नात होती.

“कशाबद्दल?”

“त्या ताठ्याच्या उत्तरांबद्दल.”

निरीक्षकबाईंनी कागद चाळले. “त्याबद्दल मी आलेली नाही. यात एका गृहस्थांनी हात अजिबात वर होत नाहीत असं लिहिलंय. ते कोण?”

फौजदार खाडकन उभे राहिले आणि त्यांनी कपाळाला हात लावून कडक सलाम ठोकला.

निरीक्षकबाईंनी त्या सलामाकडे बराच वेळ पाहिलं. “वरच्या फळीवरचा डबा काढता येतो?” त्यांनी विचारलं.

“येतो की! थोडा खांदा दुखतो, पण येतो.”

“असं विचारायचं,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या आणि दुरुस्ती केली. मग शिवणकामवाल्या बाईंना विचारलं, “बाटलीचं झाकण उघडतं?”

“कुठलं हो! नवऱ्याला हाक मारते.”

दुसरी दुरुस्ती. असं करत त्या एकेकाजवळ गेल्या. शेवटी आईपुढे बसल्या. एका कोऱ्या कागदावर त्यांनी आडवी रेघ ओढली. “या टोकाला अजिबात दुखत नाही. त्या टोकाला, सोसवत नाही. आज कुठे?”

आईने पेन घेतलं. बोटं नीट मिटत नव्हती, म्हणून मुठीतच धरलं. रेघेवर ते सरकत सरकत गेलं, मध्य ओलांडला, पुढे गेलं, आणि शेवटाच्या अलीकडे जेमतेम बोटभर थांबलं.

मी तिला रोज सकाळी ‘झोप झाली का’ विचारतो. ती ‘हो’ म्हणते.

बायकोने पुढे होऊन तिच्या हातातलं पेन हळूच सोडवून घेतलं.

“हे मोजतो आम्ही,” निरीक्षकबाई म्हणाल्या. “ही रेघ, सुजलेले सांधे, रक्त, आणि हाताने काय काय होतं ते. दुरुस्त प्रश्न उद्या पाठवा. औषध पुढच्या आठवड्यात सुरू करा. केंद्र चालू राहील.”

दालनात टाळ्या पडल्या. ज्यांना वाजवता येत नव्हत्या, त्यांनी बाकावर काठ्या आपटल्या. मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावरची जमीन घाईघाईने विझवली.

“आणि तो प्रश्न?” मी चाचरत विचारलं. “सकाळचा? त्याला कोणता शब्द घालायचा?”

“तुम्हाला हवा तो घाला. त्याचं उत्तर औषधाच्या हिशेबात धरतच नाहीत.”

आईने चष्मा काढला.

“धरत नाहीत, तर विचारता कशाला?”

निरीक्षकबाईंनी कागद गोळा केले, कोपरे जुळवले आणि पिशवीत ठेवले.

“पहिल्यापासून आहे,” त्या म्हणाल्या.