सरक जरा

कुमुदकाकू दूधवाल्याला आशीर्वाद द्यायच्या आणि कौन्सिलला हुकूम सोडायच्या. दोन्ही लेखी.

रिकाम्या बाटलीत खोचलेल्या चिठ्ठीत इंग्रजीत लिहिलेलं असायचं, 'सर्व देव तुम्हाला दीर्घायुष्य देवोत, तुमच्या गुडघ्यांना बळ देवोत. आज दोन पाइंट.' कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, मात्र कचऱ्याच्या फुटक्या डब्याबद्दल दोनच वाक्यं गेली: 'माझं पत्र पोचताच डबा बदला. कुचराई करू नका.' खाली सही, डॉ. कुमुद बर्वे. चौथ्या दिवशी नवा डबा दारात उभा होता.

ही दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. मी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो आणि मेडनहेडला काकूंच्या शेजारच्या घरात भाड्याने राहायचो. काकू इथल्या हॉस्पिटलांमध्ये तीस वर्षं भूलतज्ज्ञ होत्या. त्या रिटायर झाल्या आणि वर्षभरात त्यांचे यजमान माधवकाका गेले. लोकांनी त्यांना बागकाम सुचवलं, ब्रिज सुचवलं. काकू दर मंगळवारी ट्रेनने लंडनला जाऊन प्राचीन इजिप्तची भाषा शिकायला लागल्या.

पिरॅमिड, ममी यांत त्यांना काडीचाही रस नव्हता. कोण कोणाशी कसं बोलतं, एवढंच त्यांना हवं होतं. तिथला कारकून साहेबाला लिहिताना आधी देवांची रांग लावायचा, मग तब्येतीची चौकशी आणि शेवटी घाबरत घाबरत काम. हाताखालच्या माणसाला मात्र 'पत्र पोचताच अमुक कर' की संपलं. देवळांच्या भिंतींवर तर शेकडो वर्षांपूर्वीची भारदस्त भाषा, जी घरात कोणीच बोलत नव्हतं. हे सगळं काकू मला कुंपणावरून सांगायच्या. याला त्यांचा शब्द होता 'पायरी'. मी मॅनेजरला लिहिलेला मेल त्यांना एकदा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "पायरी चुकली. सॉरी तीनदा आहे. चूक त्याची होती ना?"

आशीर्वाद खरं तर साहेबाला द्यायचे असतात, तुम्ही उलटं करताय, असं मी एकदा म्हणालो. तेव्हा त्यांनी इथल्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये सर्जनला मिस्टर म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांनी एकाला डॉक्टर म्हटलं आणि सगळ्या स्टाफसमोर बोलणी खाल्ली. पुढे तीस वर्षं त्यांनी प्रत्येकाची पायरी जपली. "आता कोण वर आणि कोण खाली ते मी ठरवणार," त्या म्हणाल्या. "दूधवाला बर्फातही येतो. तो वर."

मग बाकाचं प्रकरण निघालं. थेम्सच्या काठी माधवकाका रोज फिरायला जायचे. तिथे त्यांच्या नावाचं बाक बसवायचं ठरलं. बाकावर पितळी पट्टी असते, तिच्यावर काय लिहायचं ते काकूंनी एका कागदावर लिहून कौन्सिलला पाठवलं: 'माधव, सरक जरा. मी आलेय.'

कौन्सिलमधल्या बाईने मजकूर परभाषेत आहे, अर्थ कळवा, असं उत्तर दिलं. काकूंनी इंग्रजीत अर्थ कळवला. त्या बाईला तो इतका आवडला की तिने फोन करून लगेच होकार दिला. इंग्रजीत त्यात खटकण्यासारखं काही नव्हतंच. खटकलं ते इथल्या आपल्या मराठी मंडळाला.

माधवकाका मंडळाच्या संस्थापकांपैकी एक, त्यामुळे बाकाचा कार्यक्रम मंडळच करणार होतं. एका शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. मीही होतो. अध्यक्ष नेनेकाका सभ्य गृहस्थ. त्यांनी फार हळुवारपणे सुचवलं की वहिनी, एखादा संस्कृत श्लोक घालू. गेलेल्या माणसाला अरेतुरे, तेही नवऱ्याला, तेही सार्वजनिक जागेत, पुढची पिढी काय वाचेल? माझ्या मनात आलं, पुढच्या पिढीला 'तो बाक' की 'ती बाक' हेच ठरवता येत नाही.

काकू उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की इजिप्तमधल्या थडग्यांत वर देवांसाठी भारी भाषा आहे. त्याच भिंतीवर खाली नांगर धरलेला गडी जोडीदाराला 'चल, आटप' म्हणतोय. आणि ते लोक मेलेल्यांना पत्रं लिहायचे. जेवण वाढलेल्या भांड्यावरच लिहायचे. आम्ही इकडे आजारी आहोत, तू तिकडे काय करतोयस, असली घरातली गाऱ्हाणी.

"नेने," त्या म्हणाल्या, "श्लोक तुमच्या बाकावर घाला. हे माझं बाक आहे."

मग मंडळाला कार्यक्रम जमणार नाही, असं नेनेकाका जड मनाने म्हणाले. काकू म्हणाल्या, चालेल.

बाक बसलं त्या शनिवारी सकाळी मंडळातलं कोणीच आलं नाही. काकू ठेवणीतली साडी आणि वर जाड कोट घालून आल्या होत्या. पट्टी रुमालाने पुसली आणि एका कडेला बसल्या. मी उभाच राहिलो. मध्ये बसायचा धीर होईना.

"तू विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या. "मी यांना कधीच तू म्हटलेलं नाही."

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात काकांनी सांगितलं होतं, एकटे असताना तरी मला माधव म्हण. काकूंना सासूबाईंच्या घरात ते जमलं नाही. इंग्लंडला आल्यावर ते पुन्हा म्हणाले, आता कोण आहे ऐकायला? तरी जमलं नाही. काका दरवर्षी वाढदिवसाला तेवढंच मागायचे आणि मग हसून शर्ट घ्यायचे. शेवटच्या आठवड्यात वॉर्डमध्ये त्यांनी पुन्हा मागितलं. पडदा ओढलेला होता, पलीकडे नर्स होती. मराठीचा एक शब्दही तिला कळला नसता.

"मी काय म्हटलं, सांगू? अहो, पाणी घ्या."

नदीवरून एक होडी गेली. काकूंनी हातमोजे काढले, शेजारच्या रिकाम्या फळीवर हात ठेवला आणि घसा साफ केला. त्यांचे ओठ हलले. 'मा' एवढं मला ऐकू आलं.

"अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "थंडी वाजतेय का?"

थोड्या वेळाने त्यांनी मोजे चढवले, पदर सारखा केला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"उद्या परत येते," त्यांनी बाकाला बजावलं. "जमेपर्यंत येणार आहे."

आणि माझी वाट न बघता त्या भराभर चालायला लागल्या.