जर्मन मास्तरांची कानडी परीक्षा

जर्मन शिकायला आलेल्या माणसाला आधी दोन महिने कानडी शिकवणारा मास्तर अख्ख्या हिंदुस्थानात एकच असेल. तो नेमका आमच्या शेजारी राहत होता, याचा मी आजही निषेध करते.

हनुमंतराव त्यांचं नाव. बेंगळुरात, मल्लेश्वरममधल्या आमच्या रस्त्यावर मात्र त्यांना सगळे जर्मन मास्तर म्हणत. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेलं त्यांचं मराठी घराणं. धोतर, काळा बंद गळ्याचा कोट, डोक्यावर जरीची टोपी, आणि मराठी अशी की निम्म्या वाक्यानंतर कानडीच्या गल्लीत शिरायची आणि पुन्हा मराठीच्या रस्त्यावर यायची. चूक करणाऱ्याला ते एकच वाक्य ऐकवत. "सरी. चुकलास. पुढं?" सरी म्हणजे ठीक. ठीक काय होतं, ते कधीच कळलं नाही.

तो काळ साठ सालानंतरचा. जर्मनीतल्या कारखान्यांना माणसं हवीत, फक्त कामापुरती जर्मन यायला हवी, अशी बातमी आमच्यासारख्या पुण्या-मुंबईकडून आलेल्या घरांमध्ये पसरली होती. डिप्लोमा झालेली पोरं इस्त्रीचे शर्ट घालून संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीवर येत. माझा भाऊ शरदही गेला. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण, त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"बेंगळुरात किती वर्षं झाली?"

"पाच-सहा."

"दूधवाल्याचं नाव काय?"

"दूध आई घेते."

"सरी. त्याच्याशी कधी भांडलायस?"

"मी कशाला भांडू, मास्तर?"

"पाणी घालतो की तो. सगळ्या मल्लेश्वरमला ठाऊक आहे. जा, भांडून ये. कानडीत. ज्याला आपल्या दूधवाल्याशी भांडता येत नाही तो जर्मनाशी बोलून काय करणार?"

शरद घरी आला तो लाल होऊन. बाबा तर संतापलेच. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, ऑफिसात इंग्रजी, ड्रायव्हरशी हिंदी. कानडीवाचून त्यांचं काही अडलं नव्हतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. अडलं होतं ते शरदचं. डिप्लोमा होऊन दोन वर्षं तो घरी बसलेला. गावातल्या वर्कशॉपमध्ये मुलाखतीला गेला की मालक विचारायचा, कामगारांशी कसं बोलशील? शरद म्हणायचा, हिंदीत. मालक चहा पाजून परत पाठवायचा. जेवताना बाबा त्याच्याकडे न बघता भात कालवत, आणि शरद रोज थोडं कमी जेवायचा. दसऱ्यानंतर क्राउस नावाचा एक जर्मन साहेब एका कारखान्यात यंत्रं बसवायला येणार होता, आणि जाताना तो आपल्या कंपनीसाठी एक मुलगा निवडणार होता. शरदला तेवढी एकच वाट उरली होती.

आता माझी भूमिका स्पष्ट करते. मी या परदेशगमनाच्या विरोधात होते. आमच्या कॉलेजच्या गटानं पत्रकं काढली होती, 'देशानं शिकवलं, देशालाच द्या', आणि मजकूर माझा होता. मी रोज मास्तरांच्या फाटकाशी उभी राहून पत्रकं वाटायची. मास्तर एका संध्याकाळी बाहेर आले, माझ्या हातातला गठ्ठाच घेतला, कागद उलटून पाहिला आणि म्हणाले, "छान. मागची बाजू कोरी आहे. पोरांना लिहायला होईल." नंतर वळून म्हणाले, "आणि तंगी, मराठीत का छापलंस? इथं वाचणार कोण? स्वल्प कानडी शीक." तंगी म्हणजे धाकटी बहीण. ज्याच्या विरुद्ध आपण मोहीम चालवतोय त्यानं आपल्याला धाकटी बहीण म्हणावं, यासारखा अपमान नाही.

मग मी थेट प्रश्न विचारला. "मास्तर, तुम्ही जर्मनीत कुठं होतात?"

"मी? कुठं नाही. म्हैसूरपर्यंत गेलोय."

कँटोन्मेंटमध्ये छपाईची यंत्रं विकणारा एक जर्मन होता, मास्तर त्याच्याकडे कारकून. भाषा तिथली. लढाई लागली तेव्हा त्या जर्मनाला धरून नेलं. "तो गेला. भाषा माझ्याकडं राहिली," एवढंच ते म्हणाले. मी पुढच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलं की जो स्वतः म्हैसूरपलीकडे गेलेला नाही तो तुमच्या मुलांना समुद्रापार पाठवतोय. मास्तरांनी ते पत्रक चष्मा लावून वाचलं आणि कुंपणावरून दुरुस्ती सांगितली. "हुबळीलाही गेलोय. लग्नाला."

अशा माणसाविरुद्ध मोहीम चालवायची तरी कशी?

दूधवाल्याशी शरद महिनाभर भांडला. पहिले काही दिवस दूधवाला त्याच्याकडे दयेनं बघत होता. मग चिडायला लागला. मग एका सकाळी दोघांचं असं जुंपलं की समोरच्या घरातल्या अक्का बाहेर येऊन शरदच्या बाजूनं बोलायला लागल्या, आणि दूध खरंच दाट यायला लागलं. आईला वाटलं, झालं, आता जर्मन. पण अजून परीक्षा बाकी होती.

मास्तरांची परीक्षा अशी. आठवडी बाजाराच्या दिवशी बसनं बेंगळुराबाहेरच्या आनेकल गावी जायचं. खिशात फक्त येण्याजाण्याचं भाडं. इंग्रजी नाही, हिंदी नाही, मराठी नाही. तिथल्या कुणीतरी आपण होऊन 'चल, जेव' म्हणेपर्यंत परत यायचं नाही. मागायचं नाही. उपाशी तोंड करायचं नाही. बोलायचं फक्त.

मी कुंपणापाशी जाऊन विचारलं, "ही भाषेची परीक्षा आहे की भिक्षेची?"

"परक्या गावात काम मिळतं ते हाताला, तंगी. दार उघडतं ते जिभेला. कारखाना आठ तास. बाकीचे सोळा तास कुणाच्या दारात काढणार?"

हे असं बोलायचे. मला पत्रकात छापता येईल असं वाक्य, आणि तेही विरोधी पक्षाचं.

पहिल्या खेपेला शरद आनेकलला गेला, आणि भाड्याशिवाय आईनं गुपचूप दिलेल्या पैशांवर हॉटेलात इडल्या खाऊन आला. मास्तरांना सांगितलं, एका शेतकऱ्याकडे जेवलो.

"सरी. त्या घरात कोण कुणाशी बोलत नव्हतं?"

"म्हणजे?"

"प्रत्येक घरात कुणीतरी कुणाशीतरी अबोला धरलेला असतो. तो तुला कळला नाही म्हणजे तू तिथं जेवलाच नाहीस. चुकलास. पुढं?"

दुसऱ्या खेपेला तो खरंच उपाशी आला. आईनं मास्तरांच्या नावानं बोटं मोडली. मी म्हटलं, शरद, हा माणूस तुला जर्मनीला पाठवणार नाही, आनेकलला मारणार आहे.  तिसऱ्या आठवड्यात शरदनं पुन्हा बस धरली. त्या दिवशी तो एका लोहाराच्या भात्यापाशी बसला, भाता गळत होता तो त्याला दुरुस्त करून दिला, आणि दुपारी त्याच्या घरी नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, जेवला. मुद्दा चावायचा नसतो, गिळायचा असतो. हा चावत बसला म्हणून घरातली म्हातारी हसून हसून खोकायला लागली. संध्याकाळी ओसरीवर उभं राहून शरदनं अहवाल दिला, "थोरल्या सुनेचा धाकटीशी अबोला आहे. पाण्याच्या हंड्यावरून."

"सरी," मास्तर म्हणाले. "उद्यापासून जर्मन."

जर्मनचा पहिला धडाही 'माझं नाव अमुक' असा नव्हता. 'बिट्टे, लांगझाम.' म्हणजे, कृपा करून सावकाश बोला. ओसरीवरून रोज संध्याकाळी त्याचा गजर चालायचा, आणि मी भाजी निवडताना नाइलाजानं ऐकायची. मोठ्यानं, मान वर करून, लाज न वाटता म्हणायचं. कुजबुजला तर पुन्हा. दसऱ्यापर्यंत शरद अडखळत का होईना, बोलायला लागला. घरात जेवायलाही लागला. मी जाहीर विरोध चालूच ठेवला, पण भावाच्या ताटात पुन्हा पोळी दिसायला लागली हे मला दिसत होतं.

क्राउस साहेबाच्या मुलाखती कँटोन्मेंटमधल्या एका हॉटेलच्या व्हरांड्यात झाल्या. दुभाषा म्हणून मास्तरांनाच बोलावलं होतं. पाच मुलं, त्यांचे वडील, वेताच्या खुर्च्या. मीही गेले होते, पत्रकं घेऊन. मास्तर त्या दिवशी नवी टोपी घालून आले होते, आणि साहेबाच्या शेजारी असे बसले होते की जणू कारखाना त्यांच्याच मालकीचा आहे.

पहिल्या चौघांना साहेबानं कागदावरचे प्रश्न विचारले. सावकाश, शाळेत धडा वाचावा तसे. काय शिकलास, कुठलं यंत्र चालवलंस. सगळं सुरळीत. शरद समोर बसला तेव्हा साहेबानं कागद बाजूला ठेवला, खुर्चीत मागे रेलला आणि आपल्या घरी बोलत असावा तसा बोलला. एका दमात, शब्द गिळत, नाकातून.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांना एक अक्षर कळलेलं नव्हतं.

त्या व्हरांड्यात जर्मन जाणणारे मोठे तेच. त्यांनी मनानं काहीही प्रश्न रचून शरदला विचारला असता तर त्यांना पकडणारा कुणी नव्हता. शरदनं भलतंच उत्तर दिलं असतं, साहेबानं मान हलवली असती, आणि मास्तर टोपीसकट घरी गेले असते.

मास्तर म्हणाले, "बिट्टे, लांगझाम."

साहेब पुन्हा बोलला. पुन्हा तसाच.

"बिट्टे, लांगझाम." या वेळी मास्तरांनी खुर्ची जवळ ओढली आणि कानामागे हात धरला, बाजारातल्या म्हाताऱ्यासारखा. मागून एका वडिलांचा आवाज आला, चांगला ऐकू येईल असा, "अहो, यांनाच येत नाही की." दुसरे हसले. मास्तरांची मान लाल झाली होती, पण त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. तितक्याच मोठ्यानं.

मग ते शरदकडे वळले. "साहेब म्हणतात, आमच्या कारखान्यात पुस्तकातली जर्मन कुणी बोलत नाही. म्हातारा फोरमन मी आत्ता बोललो तसाच बोलतो. त्याचं कळलं नाही तर तू काय करशील?"

शरदनं मास्तरांकडे पाहिलं आणि मोडक्या जर्मनमध्ये काहीतरी छोटंसं म्हणाला. साहेब मोठ्यानं हसला आणि उठून त्यानं शरदचा हात हातात घेतला. मी नंतर विचारलं, तू म्हणालास तरी काय? तर म्हणे, "आमचे मास्तर करतात ते."

शरदचं काम झालं. मास्तरांचं बुडालं. ती गोष्ट त्या वडिलांनी मल्लेश्वरमभर पोचवली. ज्याला स्वतःला तीन-तीनदा विचारावं लागतं तो काय शिकवणार? बाजाराजवळ एक नवा वर्ग निघाला, तिथं ग्रामोफोन होता आणि कानडीची सक्ती नव्हती. शरद जहाजावर चढेपर्यंत ओसरीवर दोन मुलं उरली होती. नंतर तीही गेली.

माझा संताप झाला. मी रातोरात पत्रक लिहिलं, 'मल्लेश्वरमच्या पालकांनो, लाज बाळगा', आणि छापायच्या आधी मास्तरांना दाखवायला नेलं. ते रिकाम्या ओसरीवर बसले होते.

"बेड, तंगी," ते म्हणाले. बेड म्हणजे नको. "कागद वाया जाईल. गेली ती मुलं तशीही जाणारच होती. चांगलं बोलायला लागला की प्रत्येक जण बोटीत बसतो. मला सवय आहे."

"मग शिकवता कशाला?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आमचं लग्न झालं तेव्हा या घरात सतरा माणसं," ते म्हणाले. "वडिलांसमोर बायकोशी बोलायची रीत नाही. मराठी सगळ्यांना कळे, कानडी सगळ्यांना कळे. मग मी छपाईवाल्या साहेबाकडं शिकलेली जर्मन तिला शिकवली. ती पंगतीत वाढताना दोन शब्द टाकून पुढं जायची. आई म्हणायची, सून मोठी देवभोळी, सारखी स्तोत्रं पुटपुटते." ते थोडं हसले. "चार वर्षं झाली तिला जाऊन. पोरांना लेथ मशीनची जर्मन हवी असते. लेथची शिकवतो."

मी हातातल्या पत्रकाची घडी घातली. 

"तू शिकतेस?" त्यांनी एकदम विचारलं. "तुला कुठं जायचं नाही. तू तसं छापूनच टाकलंयस. नुसतं शिकायचं."

माझ्या कुठल्याही पत्रकात याला विरोध नव्हता. मी बाकावर बसले. त्यांनी एक वाक्य म्हटलं, मी ते त्यांच्यामागून तीनदा म्हटलं आणि अर्थ विचारला.

"आमटीत मीठ जास्त पडलंय, पण आत्ता काही बोलू नका."

हे वाक्य जर्मनीतल्या एकाही कारखान्यात उपयोगी पडणार नाही, असं मी त्यांना बजावलं.

"मान खाली घालून म्हण," मास्तर म्हणाले. "तुझ्या हातात पळी आहे."