तीन मिनिटांचं भाषण, एक मिनिटाचं मौन

लोकशाहीत बोलण्यापेक्षा कोण कधी बोलणार हे ठरवणं जास्त महत्त्वाचं असतं. आमच्या संक्रमणकालीन संसदेने हे तत्त्व निष्ठेने पाळलं. नव्या संविधानासाठी मिळालेल्या अकरा महिन्यांपैकी सात कोणी कुठे बसायचं यात गेले (तरी नऊ सभासद उभेच राहिले) आणि तीन, ते ठरवणाऱ्या समितीला समज देण्यात. उरलेल्या महिन्यात प्रत्येकाला तीन मिनिटं मिळाली.

माझे बुबा, म्हणजे वडील, धनकुट्याचे निवृत्त शिक्षक आणि सभासद खडानंद घिमिरे, बोलणाऱ्यांच्या यादीत क्रमांक पाचशे चौदा. त्यांना एकाच कलमावर बोलायचं होतं: आईच्या नावावर मुलांना नागरिकत्व मिळावं. माझा नवरा कतारला गेला तो गेलाच. दाखला मात्र बापाच्याच कागदांवर मिळे, त्यामुळे माझी मुलगी सरिना काठमांडूत जन्मून, नर्सिंग शिकूनही कागदोपत्री कुठलीच नव्हती. परवान्याच्या परीक्षेला नागरिकत्वाचा दाखला लागतो. (रोगी तो विचारत नाहीत, पण त्यांचं मत कोणी घेतलेलं नाही.)

मंगळवारी सकाळी बुबा ढाका टोपी घालून, कागद घेऊन स्वयंपाकघरात आले.

"पोरी, घड्याळ लाव. तीन मिनिटांत बसतंय का बघ."

मी डाळ निवडत होते. "उद्या रेडिओवर ऐकेनच की. दोनदा कशाला?"

"सभापती तरी हातातलं काम दाखवत नाहीत," म्हणत ते परत गेले.

बुधवारी सकाळी ते उठले नाहीत.

बुधवार मुदतीचा शेवटचा दिवस. त्या कलमावरचं मतदानही त्याच दिवशी. पण सभासद वारला की शोकप्रस्ताव मांडायचा, एक मिनिट उभं राहायचं आणि दिवसभराचं कामकाज तहकूब करायचं, अशी प्रथा. संसदेने ती एकमताने पाळली. वेळेवर पार पडलेलं तिचं हे एकमेव काम. त्याबरोबर मुदत संपली, कलमही संपलं.

सांत्वनाला बुबांच्या शेजारच्या खुर्चीतले सभासद डिल्लीराज खतिवडा आले. "दिदी, सगळं सभागृह उभं होतं," ते म्हणाले. "बुबांचा केवढा मान."

पांढऱ्या वस्त्रातल्या सरिनाने विचारलं, "मामा, उभ्या उभ्या हात वर करता आला नसता?"

प्रथेत ते बसत नव्हतं, असं त्यांनी सांगितलं आणि चहा घेतला.

वाचकहो, इथे आपणही क्षणभर गप्प झाला असाल. आभारी आहे. आता आपणही आपापल्या कामाला लागायला मोकळे.

तेराव्या दिवशी मी घड्याळ लावलं आणि ते भाषण मोठ्याने वाचलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. वीस सेकंद उरले होते.

"बुबा," मी म्हणाले, "डाळ थांबली असती."